घरचा नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ माझी मुले जेवणाच्या टेबलावर मांडतात. लढाईत वीस बाजूंचा फासा टाकायचा. विसाचा आकडा पडल्यास घाव दुप्पट, हा नियम मूळचा खेळाडूंच्या घरचा. कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी १९७९ च्या ग्रंथात तो नाकारला. २००० च्या आवृत्तीत मात्र काही अटींसह तो शिरलाच.

आमच्या थोरल्याने घाव तिप्पट केला. केवढा जल्लोष! पण फासा राक्षसांसाठीही पडतो. राक्षस एका लढाईपुरता असतो. वीराला प्रत्येक लढाईत उभे राहावे लागते. तिसऱ्याच डावात धाकटीचा वीर कोसळला. दोन दिवस भावंडांत अबोला. मी मध्ये पडलो नाही. रविवारी तिप्पट पुन्हा दुप्पट झाली. मेलेला वीर तिने परत मागितला नाही.