तारेला ओवलेली पत्रं

आमच्याकडे खामगावला आलेली पत्रं तारेला ओवून ठेवत. खाली लाकडी चकती, वर आकडा. मामाकडेही तशीच तार होती. आता दोन्ही तारा माझ्याकडे आल्या आहेत. प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक, आणि बहुतेक वेळा हवा तोच शब्द त्यात गेलेला!

आई-बाबांचं साक्षगंध 1972च्या उन्हाळ्यात झालं. पुढे पावसाने दगा दिला, दुष्काळ पडला आणि लग्न वर्षभर लांबलं. म्हणून तर ही पत्रं लिहिली गेली. शिक्के पुसलेल्या पत्रांच्या तारखा लावताना पिनकोड कामी आला. तो 15 ऑगस्ट 1972ला सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात 444303 दिसलं की पत्र त्यानंतरचं. नसला तर मात्र काही सांगता येत नाही, कारण मामा पुढेही कित्येक वर्षं पिनकोड लिहीत नसे.

बाबांची पत्रं मामाच्या नावाने, मेहकर तालुक्यात. ठरलेल्या मुलीला थेट पत्र लिहायची रीत नव्हती. 'स. न. वि. वि.', मग ज्वारीचा भाव, दुष्काळी कामावरची खडी, मिळणारी सुकडी. एका इनलँडमध्ये मात्र मध्येच विचारलंय, 'आपल्या विहिरीला पाणी किती आहे? घरी पाणी कोण भरतं?' मामाने उत्तर दिलं, 'एक परस.' त्याखाली वेगळ्या, टोकदार अक्षरात दोन ओळी: 'पाणी मीच आणते. पहाटे दोन खेपा, सांजेला दोन.' सही नाही. बाबांच्या पुढच्या पत्रात, 'गड्यासोबत नायलॉनचा दोर पाठवला आहे. सुंभाचा हाताला लागतो.'

आईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "दुसरं काय लिहीन माणूस? सारं घर वाचे ते पत्र. दोर मात्र लय टिकला."

त्याच 1972 साली 'कुसुमानिल' प्रसिद्ध झालं. मूर्तिजापूरचे कवी अनिल आणि अमरावतीच्या कुसुमावती जयवंत यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार. तीही वऱ्हाडातलीच माणसं, आणि आमच्या घरच्यांच्या कितीतरी आधीची, पण थेट एकमेकांना लिहिणारी. ते पुस्तक मला आवडतं. तरी दोराचं पत्र मला त्याहून कमी वाटत नाही. घरचं आहे म्हणून असेल.

लग्नानंतरची पत्रं आई बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हाची. आता सही आहे आणि रागही. 'दिवाळीला न्यायला येतो म्हणालात, आला नाहीत. यापुढे येणार नसाल तर तसं कळवत जावं.' बाबांचं उत्तर कार्डावर, म्हणजे पोस्टमनसकट सगळ्यांनी वाचावं असं: सरकी विकली, म्हैस व्याली, पोळ्या करपतात. माफी कुठेच नाही. ती भोकात गेली असावी.

तुमच्या घरी अशी तार असेल तर पत्रं एकेक करून अलगद काढा. आणि आई, मावशी, आत्या आहेत तोवर विचारून घ्या, कोणतं अक्षर कुणाचं. कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मामाच्या तारेवरची निम्मी पत्रं कुणाची, हे आमच्याकडे आता कुणालाच सांगता येत नाही.