दुधाची बाटली आणि पहिले वळण



जगात मोटारींची अशी एक शर्यत आहे, की जिच्या विजेत्याच्या हाती लगेच दुधाची बाटली देतात. ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, मलाही वाटली. अमेरिकेत इंडियानापोलिस गावी ही शर्यत भरते. 1936 मध्ये लुई मेयर नावाच्या विजेत्याने उन्हातून आल्यावर ताक मागून घेतले आणि तिथून ही चाल पडली. 1993 मध्ये एका विजेत्याने आधी संत्र्याचा रस घेतला, कारण त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या. तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली! मी संत्रावाल्यांच्या बाजूचा आहे, पण ते असो.

आमच्या पुतण्याने मोबाईलवर मला ही शर्यत दाखवली. दूध पिणारा माणूस जपानी होता. नाव ताकुमा सातो. त्याची हकीकत मी नंतर मुद्दाम विचारून घेतली, ती तुम्हाला सांगतो.

सातोचा जन्म 1977 चा, टोकियोचा. दहाव्या वर्षी त्याने सुझुका येथे पहिल्यांदा शर्यत पाहिली आणि वेड घेतले. पण घरात त्या वाटेचे कोणी नव्हते. इतर मुले सातव्या-आठव्या वर्षी छोट्या गाडीत बसतात. हा सायकल चालवीत राहिला आणि सायकल शर्यतीत चमकला. सुझुकाला मोटार शर्यतीची शाळा आहे. तिची वयाची अट आली वीस वर्षांची, आणि हा त्या काठावर. निवड अर्ज पाहून होणार होती. अर्जात लिहिण्यासारखे याच्याजवळ फारसे नव्हतेच. तेव्हा त्याने उभे राहून विचारले, की मुलाखत घ्याल का? घेतली, आणि त्यात तो निवडला गेला. तुमच्या घरात कोणी पोरगा ‘आता वय गेले’ म्हणून ओट्यावर बसला असेल, तर त्याला एवढा भाग वाचून दाखवा.

पुढे तो इंग्लंडला गेला. 2001 मध्ये तिथल्या फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला आणि 2002 पासून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. 2004 मध्ये याच इंडियानापोलिसच्या मैदानात, त्या दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीत, तो तिसरा आला. त्यानंतर मात्र घसरण. 2006 पासून तो ज्या छोट्या जपानी संघात होता, तो 2008 मध्ये पैशावाचून बंद पडला. 2009 साली त्याला फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. 2010 मध्ये, तेहतीस वर्षांचा असताना, तो अमेरिकेत गेला आणि नव्याने सुरुवात केली.

आता 2012 चे ऐका. दुधाच्या शर्यतीत 33 गाड्या, 200 फेऱ्या, आठशेच्या वर किलोमीटर. सरळ पट्ट्यावर वेग ताशी साडेतीनशेच्याही पुढे. मागच्या गाडीला पुढच्या गाडीच्या आडोशाने वारा कमी लागतो, म्हणून ती झेपावून पुढे काढता येते. शेवटच्या फेरीला सातो दुसरा होता. पुढे दारिओ फ्रँकिटी. पहिल्याच वळणावर सातोने आतल्या बाजूने गाडी घातली. जागा अपुरी पडली, गाडी फिरली आणि भिंतीवर आदळली. फ्रँकिटी जिंकला. दुसरा नंबर हातचा होता, तो जाऊन सातो सतरावा ठरला. काहींनी त्याला उतावळा म्हटले. मीही पुतण्यापाशी तेच म्हणालो. म्हणालो खरे, पण रात्री मला माझाच उतावळेपणा आठवला.

तीन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या सरी पडल्या. साठेक मिलिमीटर झाला असेल. पंचाहत्तर ते शंभर होईपर्यंत सोयाबीन पेरू नका, हे मीच सभेत सांगत आलो. पण वापसा छान दिसला आणि एका वस्तीवरच्या आप्पांना मी म्हणालो, ‘पेरा बिनधास्त.’ त्यानंतर तीन आठवडे थेंब नाही. उगवण जळाली, दुबार पेरणी करावी लागली. बियाणे घरचे नव्हते, उसनवारीने आणलेले. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. पण मी त्या वस्तीची वाट टाळू लागलो. दुसऱ्या रस्त्याने जायचो, चार किलोमीटर जास्त पडले तरी.

सातोने वाट टाळली नाही. 2013 मध्ये लाँग बीचला जिंकून, अमेरिकेतल्या त्या मालिकेत पहिला येणारा तो पहिला जपानी ठरला. इंडियानापोलिसला तर दरवर्षी जात राहिला. 2017 च्या मे महिन्यात पाच फेऱ्या उरल्या असता त्याने हेलिओ कास्त्रोनेव्हिसला मागे टाकले. हा ब्राझीलचा गडी तीन वेळा जिंकलेला, चौथ्यासाठी टपलेला. प्रत्येक फेरीला तेच पहिले वळण येत होते. या खेपेला सातोने ते सांभाळले आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने जिंकला. दूध प्यायला, अंगावरही सांडून घेतले. वय चाळीस. या शर्यतीचा पहिला जपानी विजेता तोच. 2020 मध्ये, महामारीमुळे मैदान रिकामे असताना, त्रेचाळीसाव्या वर्षी तो पुन्हा जिंकला. 2025 मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांचा असूनही, त्याने सुरुवातीच्या रांगेत दुसरी जागा मिळवली होती.

यंदाच्या मृगात मी जुन्या रस्त्याने वस्तीवर गेलो. आप्पांनी गोठ्याजवळ बाज टाकली, नातवाला चहा सांगायला पाठवले. अंगणात मध्यावर सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता. आप्पांनी त्यात शाळेची पट्टी उभी धरली, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘अडुसष्ट झाले, साहेब. अजून थांबायचं ना?’