खांब कुणाचा, पावती कुणाची?

पावतीवर गोल शिक्का होता, एजन्सीचं नाव होतं, 'विद्युत पोल जाहिरात' असं ठळक छापलेलं होतं. परवानगी क्रमांकाची जागा तेवढी कोरी. शिरूरला चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या हाती ती पावती आजही लागली की डोक्यात तिडीक जाते.

दौंडला शाखा काढायची होती. पेपरातून टाकलेलं पत्रक भजी बांधायला जातं, मोठं होर्डिंग परवडत नाही. उरतो रस्त्याकडेचा खांब. दिव्याखाली लोखंडी फ्रेम, दोन्ही बाजूंनी फ्लेक्स. शिरूरला अहिल्यानगर रस्त्यानं रांजणगाव एमआयडीसीचे कामगार जातात-येतात, दौंडला पुण्याची गाडी पकडणारी माणसं रोज त्याच खांबांखालून स्टेशन गाठतात. गुणही आला. न्हावऱ्याकडच्या एक आजी "खांबावरचा चष्मा हितंच मिळतो का?" असं विचारत दुकानात शिरल्या.

आणि एके सकाळी फ्रेमा गायब. वायरमनचं म्हणणं सरळ होतं : खांब वीजकंपनीचा, दिवा नगरपरिषदेचा, बोर्ड लावायचा अधिकार एजन्सीला कुणी दिला? वर चढताना फ्रेम आडवी येते, तिच्यात करंट उतरला तर जीव जायचा. पटलं. एजन्सीचा फोन मात्र आधी 'साहेब मीटिंगमध्ये', मग बंदच.

पैसे बुडाले, तेही सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात त्याच खांबाला एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस लटकला. गळ्यात साखळी, कानाला मोबाइल, डोळ्यांवर गॉगल (तो लेखकाच्याच दुकानातून नेलेला!) आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्ट फोटोंच्या ओळीच्या ओळी. या फ्लेक्सची पावती नाही, शिक्का नाही, एजन्सीसुद्धा नाही, नुसती सुतळी. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स राहिला. वाऱ्यानं एक कोपरा सुटला, तर कुणीतरी येऊन तो पुन्हा बांधला. दिवा दुरुस्त करायला आलेल्या माणसानं तो हलकेच बाजूला सारला, काम केलं आणि होता तसा सोडून दिला. करंट बहुधा चष्म्याच्या जाहिरातीतच उतरतो.

कायदा नाही असं नाही. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९९५चा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. त्यानंतर २०१८मध्ये पुण्याच्या जुन्या बाजाराजवळ होर्डिंग कोसळून चार जण गेले, २०२३मध्ये किवळ्याला पाच, १३ मे २०२४ला घाटकोपरला सतरा. दर वेळी मोहिमा निघतात. त्यात आधी छोट्या दुकानदाराच्या पाट्या उतरतात, कारण त्याच्यासाठी कुणाचा फोन येत नाही.

त्या रागात लेखक भेटेल त्याला सांगत होता की, खांबावर कुणाचीच जाहिरात नको. आता तसं वाटत नाही. आजी आल्या त्या खांबामुळेच, हे कसं विसरायचं? १९६४ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात झां-क्लोद दको या उद्योजकानं बसथांबे स्वतःच्या खर्चानं उभारून दिले, त्यांची देखभाल पत्करली आणि बदल्यात थांब्यांवर जाहिराती लावल्या. पुण्यातही जाहिरातीच्या हक्कावर खासगी कंपन्यांनी थांबे बांधले आहेत. छोट्या गावात खांबांचं असं का होऊ नये? विजेच्या तारांचे खांब सोडून फक्त दिव्याचे वेगळे खांब निवडा, त्यांना नंबर द्या, उघड लिलाव करा, येणाऱ्या पैशातून दिवे लावा. आणि वाढदिवसवाल्यांनाही तोच दर लावा. गॉगलची सवलत नको.

तोवर दुकानदारांना एवढंच सांगणं : एजंट पावती पुढं करील, तेव्हा खांबाच्या मालकानं दिलेल्या परवानगीपत्राची प्रत मागा, तिच्यावरचा जावक क्रमांक त्या कार्यालयात जाऊन पडताळा आणि मगच पैसे द्या.