ओठांचे दार

चर्चच्या हॉलमधला आपला फ्रिज काही दिवस सतत घुरघुरत होता. दार लागत होते, तरी आतले दूध नासत होते आणि फ्रीजरमध्ये बर्फाचे थर साचत होते. त्याच फ्रिजमध्ये एका आजींचे इन्सुलिन असते. ते २ ते ८ अंशांत राहावे लागते. यंत्र ठीक होते. दाराच्या कडेचे रबर खालच्या कोपऱ्यात फाटले होते. बेळगावच्या पावसाळ्यातली दमट हवा त्या फटीतून आत शिरत होती, तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होत होता आणि कॉम्प्रेसरला उसंत नव्हती.

अशी फट घरीही शोधता येते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. सहज निसटली, तर तिथे रबर धरत नाही. घड्यांतली बुरशी आणि खरकटे साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे. वाकलेले रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकले की पुष्कळदा सरळ होते. फाटलेले मात्र बदलावेच लागते. आम्ही त्याच मॉडेलचे नवे रबर मेकॅनिककडून बसवून घेतले.

प्रियजनहो, मंडळीचेही असेच आहे. प्रार्थनासभेत एखादी बहीण मुलाच्या व्यसनाविषयी रडत सांगते. रविवारपर्यंत ते गल्लीत पोचते. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ एवढी फट पुरते. मग ती बहीण पुन्हा कुणाजवळ मन मोकळे करत नाही. स्तोत्र १४१ मध्ये दावीद परमेश्वराकडे आपल्या ओठांच्या दारावर पहारा मागतो.

पण पहारा म्हणजे कुलूप नव्हे. जुन्या फ्रिजच्या दारांना बाहेरून खटका असे. खेळता खेळता आत अडकलेली मुले गुदमरून दगावली, म्हणून १९५६ साली अमेरिकेत कायदा झाला : दार आतूनही उघडलेच पाहिजे. आजच्या रबरात लोहचुंबकाची पट्टी असते. ती दार घट्ट धरते. आतून ढकलले की सोडते.

दुसऱ्याचे दुःख आपण असेच सांभाळू या. आपल्या तोंडून ते बाहेर पडू नये. ज्याचे आहे त्याला मात्र हवे तेव्हा दार उघडता यावे. या आठवड्यात कानी आलेली एक तरी गोष्ट फक्त प्रभूजवळच बोलू या. आमेन.