थंडी नेमकी कुणाकडं?

धाकट्या भावाची बँकेतली बदली महाबळेश्वरला झाली, तेव्हा देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मला सल्ल्यांचा तोटा नव्हता. सगळ्यांचं सांगणं एकच : स्वेटर न्या. सांगणाऱ्यांपैकी तिथं कुणीच गेलेलं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात. जालना, संभाजीनगर, नगर, पुणे करत वाईला पोचेस्तोवर अंगाची लाही झाली होती. पसरणीचा घाट चढायला लागलो आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं खिडकी ओढून घेतली. मे महिन्यात खिडकी बंद! फाट्यावर पारा त्रेचाळिसावर, इथं तिशीच्या आसपास. धाकट्यानं हिशेब सांगितला की हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, आपलं रान चारशेवर. मांडून पाहिलं तर सहाच अंश भरले. मग उरलेले कुणाचे?

‘दादा, मुंबई पॉइंटला चला, दाखवतो,’ तो म्हणाला. तिथं डोंगर एकदम तुटतो, खाली कोकण पसरलेलं आणि समुद्रावरून आलेला वारा सरळ तोंडावर. उरलेले अंश त्या वाऱ्याचे. आमच्याकडं मे महिन्यात वारा आला तरी तो तापलेल्या ढेकळांवरूनच येतो. सूर्यास्त बघायला जमलेली मंडळी पश्चिमेचे फोटो काढत होती. मी मात्र शर्टाची बटणं लावत होतो.

जुलैत गेलो तर गाव ओळखू येईना. अर्धी दुकानं बंद, घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना प्लास्टिकचे कागद बांधलेले. पूर्वी तिथं गवताच्या झड्या लावत. भावजय कपडे शेगडीवर धरून वाळवत होती. आपल्याकडं जुलै म्हणजे कोळपणी, खुरपणी आणि आभाळाकडं बघणं. इथं पाऊस आला की धंदा आवरायचा. इंग्रजांनाही हे कळलं होतं म्हणायचं. माल्कम साहेबानं १८२८-२९च्या सुमारास हे ठिकाण वसवलं, मुंबईचे गव्हर्नर उन्हाळा काढायला इथं येत. पण पावसाची चाहूल लागली की सरकार पुण्याला उतरत असे.

वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं, हा आकडा मी धाकट्याला दोनदा म्हणायला लावला. आमच्या परभणी जिल्ह्याचं वर्षभराचं पाणी इथं जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातं. येलदरी धरण भरतं का नाही म्हणून आम्ही सप्टेंबरपर्यंत डोळे लावून बसतो, आणि इथं रस्त्याकडेच्या गटारीला लोंढा. खरं सांगतो, मला राग आला. कोकणातून वर चढताना ढग थंड होतात आणि या कड्यावरच रिकामे होतात. पाचगणी विसेक किलोमीटरवर, तर तिथं पाऊस तिसऱ्या हिश्श्याएवढा. वाईला त्याहून कितीतरी कमी. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्या वाऱ्याच्या झोळीत उरणार काय? पडलेलं पाणीही इथं थांबत नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेला निघून जातात, सावित्री बाणकोटच्या समुद्राला. आसपासच्या वाड्यांवर तर उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, हे ऐकून मी गप्प झालो.

डिसेंबरात मात्र पुरता गोंधळलो. अंगावर स्वेटर, कानटोपी, आणि बाजारपेठेत सकाळी फिरताना घाम. पेपर उघडला. किमान तापमान : महाबळेश्वर तेरा, परभणी आठ. छपाईची चूक असेल म्हणून दुसरा पेपर बघितला. तेवढ्यात फाट्यावरून आईचा फोन. ‘इथं शेकोटी विझवू देईना झालेत. तिकडं कसं सोसतोस रे बाळा?’

उलगडा वेण्णा तलावाशी झाला. गावात तेरा अंश असताना तलावाकाठच्या गवतावर पहाटे दव गोठलेलं. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन उष्णता सोडते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, आणि जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साचते. उंचावरची पेठ त्यामानानं उबदार राहते. आमच्या सपाटीवरून तर ती हवा जाणार कुठं? रात्रभर तिथंच बसून निवत राहते.

तलावाच्या वरच्या अंगाला स्ट्रॉबेरीचं रान होतं. काळ्या कागदाखालून ठिबक, कागदाच्या भोकातून वर आलेली रोपं, आणि खुडणी चाललेली. मी बांधावरच्या शेतकऱ्याला पेपर दाखवला. थंडी आमच्याकडं जास्त, मग हे पीक तुमच्याकडंच का?

‘पाव्हणं, दुपारचं किती असतं तुमच्यात?’

एकोणतीस-तीस, मी म्हणालो.

‘आमच्यात तेवीस-चोवीस. पहाटेच्या गारठ्यावर फळ धरत न्हाई. दिवस गार पायजे. आन मार्च-एप्रिलला तुमचं ऊन तर विचारूच नका.’

तरी मी हट्टानं रोपं मागितली. परसात पाच-दहा लावून तर बघू.

‘सप्टेंबरात या की, देतो.’

सप्टेंबरात सोयाबीन काढणीला येतं, घर सोडता येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी चालेल का, मी विचारलं.

‘तोवर आमची लावून हुत्यात,’ ते म्हणाले आणि खुडलेल्या फळांची पाटी माझ्याकडं सरकवली.