साहेबांची बेल

सभेत तासभर बोलणारा मी. पण ऑफिसात साहेबांची बेल वाजली, की खांदे आपोआप आखडतात. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर लोवेन यांच्याविषयी वाचले आणि याचा अर्थ उमगला. कायदा शिकलेले हे गृहस्थ १९३० च्या दशकात उन्हाळी शिबिरांत खेळ-व्यायामाचे प्रमुख होते. व्यायामाने मनही हलके होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढे ते विल्हेल्म राइश यांच्याकडे शिकले, १९५१ साली जिनिव्हात डॉक्टर झाले आणि मानसोपचारातच रमले. त्यांचे म्हणणे असे, की दाबलेली भीती स्नायूंत नि श्वासात अडकते. म्हणून पाय जमिनीवर रोवा, गुडघे किंचित सैल ठेवा, श्वास मोकळा सोडा.

काल बेल वाजली. मी क्षणभर तसाच उभा राहिलो. मग आत जाऊन शिपाईबाईंच्या अडलेल्या रजेविषयी बोललो. वाचकहो, आवाज कापला नाही.