मुंबईच्या टेपवरची नावे

शिवकुमार शर्मा हे नाव इंग्रजीत लिहिताना चुकावे असे त्यात काही नाही. तरी १९६८ साली लंडनहून निघालेल्या एका तबकडीच्या वेष्टनावर संतूरवादकाच्या आडनावाचे 'शेर्मार' झाले, सतारवादक इंद्रनील भट्टाचार्य 'इंद्रिल' झाले आणि तारशहनाईच्या विनायक व्होरांचे 'विनैक'. तबकडी होती जॉर्ज हॅरिसनची 'वंडरवॉल म्युझिक'. बीटल्सपैकी कोणी एकट्याच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम, आणि ॲपल या त्यांच्या स्वतःच्या कंपनीचाही पहिलाच. हे ज्या सिनेमाचे संगीत होते तो दिग्दर्शक जो मॅसॉट यांचा. तो आज फारसा कोणाला आठवत नाही आणि त्यावर शब्द खर्च करण्याचे कारणही नाही. संगीताचा मोठा भाग मात्र जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत वाजला. पुढे १९९२ मध्ये अल्बमची सीडी आली आणि २०१४ मध्ये 'द ॲपल इयर्स' या संचात तो नव्याने रीमास्टर होऊन निघाला. मला खटकते ते हे की इतक्या वर्षांत धूळ झटकली गेली ती फक्त सुरांवरची.

रीमास्टर करतात म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. त्यात नव्याने काही वाजवले जात नाही. तयार झालेली मूळ टेप काढायची, ती चांगल्या यंत्रावर पुन्हा वाचून घ्यायची, खरखर कमी करायची, खर्ज आणि तार यांचा तोल साधायचा, बस, एवढेच. रीमिक्स वेगळे. हॅरिसनच्याच 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चे २०२१ मध्ये नवे मिक्स झाले, कारण तिथे गाणे, गिटार, ढोल वेगवेगळ्या ट्रॅकवर होते आणि एकेकाला मागेपुढे करता येत होते. मुंबईत ती सोय नव्हती. तिथे एकाच ट्रॅकचे, म्हणजे मोनो यंत्र होते. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणवले. (ते नागपूरमार्गे आले असेल तर आमच्या भंडारा रोड स्टेशनवरूनच गेले असणार, पण अलाहाबादमार्गेही गाडी होती, म्हणून हा अभिमान आवरता घेतो.) तेव्हा सरोद, बासरी, पखवाज जे काही वाजले ते एकत्रच त्या दोन पट्ट्यांवर उतरले. आज कितीही हुशार अभियंता बसवला तरी एस. आर. केंकऱ्यांची बासरी त्यातून उचलून जरा पुढे ठेवणे सोपे नाही. त्या खोलीत कोण कुठे बसला, कोणी कधी हात आखडता घेतला, कोणी कोणाला जागा दिली, हा सगळा तोल वादकांनीच साधलेला आहे. लंडनमध्ये जे काम मिक्सिंगच्या टेबलावर झाले असते ते इथे वादकांच्या कानांनी केले. आणि अशा ध्वनिमुद्रणात वादकांच्या नावांना जास्त महत्त्व यायला हवे, कमी नव्हे.

स्टुडिओची अवस्थाही बेताचीच. हॅरिसनच्या सांगण्यानुसार नीट ऐकले तर काही तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पायांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे. या गोंगाटातच 'मायक्रोब्स'मधल्या दोन शहनाया एकमेकींना धरून चालतात. 'क्राइंग' तर सव्वा मिनिटाच्या आसपासचा तुकडा. त्यात तारशहनाई म्हणजे गजाने वाजणारे, कर्णा बसवलेले तंतुवाद्य असे काही विव्हळते की पडद्यावरचे दृश्य नसले तरी अडत नाही. शहनाईवाल्यांची नावे वेष्टनावर शरद आणि हनुमान 'जादेव' अशी आहेत. मराठी माणूस हे वाचून मनात जाधवच म्हणणार. कोणत्या तुकड्यात कोण वाजवतो हे मात्र त्या वेष्टनावर नव्हते. सगळ्यांची एकगठ्ठा यादी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे पैसे घेऊन वाजवणारे लोक होते, रचना हॅरिसनची, मग तक्रार कसली? रचना त्याची होती हे मी नाकारत नाही. स्टॉपवॉच घेऊन त्याने सिनेमातल्या प्रसंगांची वेळ मोजली आणि तेवढ्या मापाचे संगीत बेतले. हे कष्टाचे काम आहे. पण 'गत किरवाणी' नावाच्या तुकड्याखालीही रचनाकार म्हणून एकट्या हॅरिसनचेच नाव असावे, हे आपल्या संगीताची थोडीफार ओळख असलेल्याला पटणे कठीण. राग किरवाणी कोणाचाच नाही. गतीचा आराखडा सांगता येतो, पण ती वाजते तेव्हा बोल, मींड, तिहाई हे वाजवणाऱ्याच्या तालमीतून येते. तबकडीवरचे सरोदवादक आशिष खाँ हे बाबा अल्लाउद्दीन खाँचे नातू. त्यांच्या हातातले काय लिव्हरपूलच्या तरुणाने सुचवले असेल? पाश्चात्त्य हिशेबात रचनाकार आणि वादक अशी दोनच खाती आहेत, आणि आपला कलावंत त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि त्याने माझी बाजू लंगडी पडते, हे मान्य. त्याच काळात, त्याच मुंबईत, हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या तबकड्या निघत होत्या. त्यांवर गायक, संगीतकार, गीतकार. सतार कोणी छेडली, बासरी कोणाची, याचा बहुधा पत्ताच नाही. वर्षानुवर्षे स्टुडिओत वाजवणारी माणसे निनावीच गेली. त्या मानाने हॅरिसनने निदान यादी छापली, वाद्यांसकट. 'शेर्मार' का होईना, छापले तर! एस. आर. केंकरे त्या तबकडीवर होते हे आज सांगता येते ते त्या अशुद्ध यादीमुळेच. तेव्हा इंग्रजांच्या नावाने बोटे मोडण्याआधी घरातला हिशेब पाहावा हे बरे. आणि तसे पाहू गेले तर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचे पत्रक अधिक सुसंस्कृत ठरते. अड्याळच्या बाजारात भिंतीवर चिकटवलेल्या नाटकाच्या पत्रकावर नटनट्यांच्या खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड कोणाचा हे छापलेले असते, आणि त्या नावावर नाटक पाहायला जाणारे प्रेक्षक असतात. वडशाच्या नाटक मंडळीला जे जमते ते मोठ्या कंपन्यांना जड का जावे?

तिसरा आक्षेप असा की रीमास्टर हे ध्वनीचे काम, इतिहासाचे नव्हे. हे मला पटत नाही. असे संच विकले जातात ते जुनी छायाचित्रे, लेख, राहून गेलेली ध्वनिमुद्रणे यांच्या जोरावर. २०१४ च्या आवृत्तीत 'द इनर लाइट'चा एक वेगळा, फक्त वाद्यांचा टेक जोडला आहे. हे गाणे बीटल्सच्या नावाने मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आले होते. वाद्ये मुंबईची, आवाज नंतर लंडनमध्ये चढवलेला. आता आवाज काढल्यावर तिथे उरते काय? फक्त मुंबईत बसलेली माणसे. बासरी हरिप्रसाद चौरसियांची म्हणतात. फोनवर हा टेक लावला तर पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव येते ते जॉर्ज हॅरिसन. २०१४ मध्ये शिवकुमार शर्मा हयात होते, ते २०२२ मध्ये गेले. आशिष खाँ कॅलिफोर्नियात शिकवत होते आणि रीमास्टरिंगचे कामही कॅलिफोर्नियातच, लॉस एंजेलिसला झाले. कोणत्या तुकड्यात कोण वाजवते हे विचारून घ्यायला माणसे होती.

आता तर नाव देण्याबद्दल कायदाही आहे: आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८ब आले. सादरकर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण त्यातच पळवाटही आहे: सादरीकरणाच्या वापराच्या पद्धतीमुळे नाव गाळणे भाग पडत असेल तर गाळता येते. गाणी ऐकवणारी ॲपे जागेचे कारण सांगतील, पण वेष्टनाला ते कारण तरी होते. फोनच्या पडद्यावर बोट सरकवले की जागाच जागा. हॅरिसनच्या वारसांनी मनात आणले तर 'वंडरवॉल म्युझिक'च्या एकोणीस तुकड्यांखालची यादी अजून नीट लावता येईल. हरिप्रसादजी आहेत, त्यांना विचारावे.